प्रश्न बत्तीस आणि कपाटाची किल्ली

गावाचं नाव सांगत नाही, कारण कुलपाची चौकशी अजून चालू आहे. मंठ्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेलं एक आरोग्य केंद्र, एवढं पुरे.

माझ्याकडे एकोणपन्नास फॉर्म भरलेले होते आणि एक कोरा. संभाजीनगरची एक संस्था नोकरीतल्या समाधानाचा तुलनात्मक अभ्यास करत होती आणि जालना जिल्ह्यातलं समाधान गोळा करायचं काम माझ्याकडे आलं होतं. शिक्षक दहा, बँकवाले दहा, एसटीचे कंडक्टर दहा, सरकारी लिपिक दहा, नर्स दहा. बत्तीस प्रश्न. प्रत्येकाला एक ते पाच गुण द्यायचे. एक म्हणजे अजिबात समाधानी नाही, पाच म्हणजे पूर्ण समाधानी. लिपिकांनी मला चहा पाजला, दहाही जण एका टेबलाला बसले, एकाने मोठ्याने वाचलं आणि बाकीच्यांनी त्याच्यासारखं लिहिलं. सगळीकडे पाच. कंडक्टरांनी धावत्या गाडीत उत्तरं दिली. एकाने सतराव्या प्रश्नाला मला खाली उतरवलं. नर्स सापडायच्या, पण बसायच्या नाहीत. त्यांचे नऊ फॉर्म भरायला सोळा दिवस लागले. फॉर्मच्या तळाशी छापलेलं होतं की अपूर्ण फॉर्म बाद होईल, आणि आज जमा करायचा शेवटचा दिवस होता.

दहाव्या नर्सचं नाव सत्यशीला. दुपारी अडीच वाजता ती वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर मांडीवर बॅग घेऊन बसली होती. बसलेली नर्स मी पहिल्यांदाच पाहत होतो. लगेच फॉर्म काढला.

"सिस्टर, वीस मिनिटं पाहिजेत."

"माझी ड्युटी दोनला संपली, भाऊ. मी इथं न्हाईच."

"मग बसलाय कशाला?"

"चार्ज घ्यायला कुणी आलं न्हाई म्हणून."

तिचं म्हणणं थोडक्यात असं. वय चौतीस, माहेर धावड्याचं, इथे नऊ वर्षं कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी करार संपायचा, एक दिवसाचा खंड पडायचा आणि परत नवा करार. त्या खंडाच्या दिवशीही ती ड्युटीला यायची, कारण दुसरं कुणी नसायचं. म्हणजे वर्षातून एक दिवस ती फक्त येणारी-जाणारी बाई म्हणून बाळंतपणं करायची. दोन वर्षांपूर्वी तिने लिपिकाची परीक्षा दिली आणि ती पास झाली. नेमणुकीचं पत्र धावड्याला वडिलांकडे गेलं. वडील अप्पाराव यांनी ते सरकारी पाकीट खराब होऊ नये म्हणून ट्रंकेत, गोधडीच्या घडीत, नीट जपून ठेवलं. बारा दिवसांनी थंडी वाजली तेव्हा सापडलं. रुजू व्हायची शेवटची मुदत आज, संध्याकाळी साडेपाच, जालन्याच्या कार्यालयात.

"मग निघा ना."

"चार्ज दिल्याशिवाय कार्यमुक्तीचं पत्र हातात मिळत न्हाई. ते न्हेलं न्हाई तर तिकडं रुजू करून घेत न्हाईत."

पत्रावर डॉक्टरांनी सकाळीच सही केली होती. मग डॉक्टर परतूरला कोर्टात साक्षीला गेले. जाताना त्यांनी पत्र उषाबाईंकडे दिलं होतं. उषाबाई इथल्या सर्वांत जुन्या मदतनीस. त्यांनी ते जेवणाच्या डब्याखाली दाबून ठेवलं होतं आणि डब्यावर स्वतः बसल्या होत्या.

"उषाबाई, गाडी चुकंल माझी."

"चुकू द्या. डॉक्टर म्हणले, चार्ज झाल्यावर. मी काय करू ताई, मलाबी वाटतं तुमी जावं."

आत प्रीती नावाची बावीस वर्षांची बाई कळा देत होती. सत्यशीला दर दहा मिनिटांनी उठून आत जायची, परत यायची, बाकड्यावर बसायची आणि फाटकाकडे बघायची. तीन वाजून दहा मिनिटांनी ती आत गेली आणि बाळ बाहेर आलं. मुलगी. सगळं बरोबर होतं. सत्यशीलाने हात धुतले आणि परत ड्युटीवर नसल्यासारखी बसली.

तीन पंचवीसला पुढच्या पाळीची नर्स तृप्ती आली. नोकरीला तीन महिने झालेली, घामाघूम, बस मंठ्यात बंद पडलेली. चार्ज द्यायची रीत ठरलेली असते: एकेका खाटेपाशी उभं राहून सांगायचं, ऑक्सिजन दाखवायचा, किल्ल्यांचा गुच्छ हातात द्यायचा, मग रजिस्टरवर सही. रजिस्टरमध्ये लिहिलं, 'किल्ल्या दहा, जमा.' तृप्तीने सही ठोकली. उषाबाई डब्यावरून उठल्या. पत्र मिळालं. पेढे वाटून झाले.

आणि जालन्याची बस समोरून निघून गेली.

सत्यशीलाने बसकडे पाहिलं, मग माझ्या मोटरसायकलकडे.

"तुमच्या फॉर्ममधे किती प्रश्न हायेत?"

"बत्तीस."

"जालन्यापर्यंत होतेत. चला."

ती मागे बसली, पुठ्ठ्याचं पॅड माझ्या पाठीला टेकवलं, त्यावर फॉर्म धरला आणि स्वतःच वाचून स्वतःच लिहायला लागली. सर्वेक्षण तिचंच होतं, मी नुसता टेबल होतो. पण पेनाचा दाब पुठ्ठ्यातून कळायचा. तिला तक्त्यावर इंग्रजी आकडे लिहायची सवय होती. एक म्हणजे खाली ओढलेली सरळ रेघ. पहिल्या दहा किलोमीटरमध्ये पाठीवर बहुतेक रेघाच पडल्या.

"प्रश्न चार. कामाच्या ठिकाणी तुम्हाला वेळेवर जेवता येते का. हे कुणी लिहिलंय?"

"संस्थेने."

"जेवून लिहिलंय. एक. प्रश्न नऊ, वरिष्ठ कौतुक करतात का. मागल्या वर्षी डॉक्टरनं मला बराबर माझ्याच नावानं हाक मारल्ती. दोन देते."

"सगळ्या लिपिकांनी पाच दिलेत."

"म्हणून तर चालले."

मला खड्डे चुकवायचे होते आणि तिला आकडे सरळ काढायचे होते. दोघांचं जमत आलं होतं. वाटूर फाट्याजवळ, एकोणिसाव्या प्रश्नाला, तिचा फोन वाजला. चार वाजून पंधरा मिनिटं झाली होती.

"ताई," उषाबाई म्हणाल्या, "प्रीतीला रगत लई जाऊन राह्यलं. थांबंनाच."

"थांबव," सत्यशीला म्हणाली. ते मला होतं. मी गाडी एका रसवंतीसमोर थांबवली. तिने फोन स्पीकरवर टाकला.

"किती कपडे भिजले?"

"तिसरा लावला. १०८ ची गाडी परतूरहून निघालीय म्हणत्यात."

"तृप्तीला दे. तृप्ती, रडू नको, नंतर रड. बेंबीखाली हात ठेव. पिशवीचा गोळा कडक लागतो का मऊ?"

"मऊ आहे सिस्टर."

"मंग चोळ. जोरात. थांबायचं न्हाई. उषाबाई, लघवीची नळी टाकायचं सामान तिच्याजवळ सरकवा. सलाईन चालू आहे ना? त्यात इंजेक्शन टाकलं का?"

"ट्रेमधलं संपलं, बाळंतपणातच दिलं ते. बाकीचं कपाटात आहे, आणि कपाटाची किल्लीच गुच्छात नाही. नऊच आहेत. मी तीनदा मोजल्या."

 सत्यशीलाने बॅग उघडली, घडी केलेला पांढरा ॲप्रन काढला आणि आतला खिसा उलटा केला. खिशाच्या आत सेफ्टी पिनेत एक किल्ली अडकवलेली होती.

ती विसरली, असं म्हणणं बरोबर नाही. नऊ वर्षांपूर्वी, नवी असताना, अशाच एका बाईसाठी तिने अकरा मिनिटं गुच्छ शोधला होता आणि तो कुणाच्या तरी सायकलला लटकलेला सापडला होता. त्या दिवशी तिने औषधांच्या कपाटाची किल्ली गुच्छातून काढून ॲप्रनच्या आत लावली. ॲप्रन बदलताना पिनेसकट किल्लीही नव्या ॲप्रनला लावायची, आणि जायच्या आधी पुढच्या पाळीचा ट्रे भरून ठेवायची, म्हणून कपाट दुसऱ्या कुणाला उघडावंच लागलं नव्हतं. नऊ वर्षांत ती किल्ली किल्ली राहिलीच नव्हती, ॲप्रनचं बटण झाली होती. चार्ज देताना बटणं कुणी मोजत नाही.

"किल्ली माझ्याकडं हाये," ती फोनमध्ये म्हणाली. "कचरूभाऊला बोलवा. कुलूप तोडायला सांगा."

कचरू म्हणजे तिथला चौकीदार. तो आला, पण बोलायला.

"ताई, मागल्या साली लसीच्या फ्रीजचं कुलूप मीच तोडल्तं. तुमीच सांगितल्तं. आठ महिने जबाब देत फिरलो. एकदा तर मला विचारलं, कुलपाचा रंग कोणता व्हता. आता लेखी लागतं."

"तृप्ती देईल लेखी."

"तिचे हात पोटावर हायेत. चोळून राह्यली ती."

"मंग माझा हुकूम समजा."

"तुमचा कसा चालंल? तुमी तर कार्यमुक्त झाल्या. मी पेढा खाल्ला ना ताई."

मागून प्रीतीच्या सासूचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते.

रसवंतीवाला दोन ग्लास घेऊन आला. मी पैसे दिले आणि ग्लास हातात धरून उभा राहिलो. सत्यशीला आपल्या बॅगेकडे बघत होती, ज्यात तिने पत्राचं पाकीट ठेवलं होतं. पत्रात लिहिलं होतं: यांनी किल्ल्यांसह सर्व चार्ज दिलेला आहे. आता कचरूला लेखी द्यायचं म्हणजे लिहावं लागणार होतं की किल्ली माझ्याकडेच आहे. दोन्ही कागद एकाच बाईचे, एकाच दिवसाचे, आणि त्यातला एकच खरा असू शकत होता. जो खरा असेल त्यावरून ती साडेपाचला लिपिक होणार की नाही हे ठरणार होतं.

तिला तेवढा विचार करायला चार सेकंद लागले असतील. मग ती एका बोटाने टाइप करायला लागली. मी वरून वाचलं. 'औषध कपाटाची किल्ली माझ्याकडे राहिली आहे. कुलूप तात्काळ तोडावे. जबाबदारी माझी.' खाली नाव, खाली हुद्दा. 'अधिपरिचारिका' हा शब्द तिने पूर्ण लिहिला.

निरोप कचरूच्या फोनवर गेला. दोन खुणा उमटल्या, करड्या.

"कचरूभाऊ, वाचा."

"चष्मा टेबलावर राह्यला. आणतो."

तो गेला. आम्ही त्याच्या चपलांचा आवाज ऐकला, जायचा आणि बऱ्याच वेळाने यायचा. तृप्ती आकडे मोजल्यासारखं काहीतरी पुटपुटत होती. सत्यशीला ओरडली नाही. ती फोनच्या पडद्यावरच्या त्या दोन करड्या खुणांकडे बघत होती.

खुणा निळ्या झाल्या.

"बराबर," कचरू म्हणाला. "जल्दी बाजूला व्हा सगळे." मग लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज. एकदा, दोनदा. "सलाईनचा स्टँड वाकला," तो म्हणाला. तिसऱ्यांदा आवाज झाला आणि फोन बंद पडला.

तिने परत लावला. बंद. तृप्तीचा लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही.

"मागं किती?" तिने विचारलं.

"पंचवीस किलोमीटर."

"पुढं?"

"बेचाळीस."

चार पस्तीस झाले होते. ती मंठ्याच्या रस्त्याकडे बघत उभी राहिली. मला वाटलं ती म्हणणार, वळव. मी गाडी वळवलीसुद्धा.

"मागं जायला अर्धा तास," ती म्हणाली. "तवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असंल. तिथं दोन हात पाहिजे व्हते, ते हायेत. औषध पाहिजे व्हतं, ते निघालं असंल. १०८ परतूरहून निघालीय. मी जाऊन नुसती बघणार. पुढं घे."

मी परत वळवली. रसवंतीवाल्याने दोन्ही ग्लास तसेच परत घेतले.

"प्रश्न वीस," पाठीमागून आवाज आला.

"राहू द्या ना सिस्टर, फॉर्म मरू द्या."

"हात रिकामा न्हाई ठेवायचा. प्रश्न वीस. तुमच्या निर्णयांना कामाच्या ठिकाणी किंमत आहे का."

काय लिहिलं ते पाठीला कळलं नाही. दाबच नव्हता. रामनगरपर्यंत ती वाचत राहिली, लिहीत राहिली, आणि दर दोन प्रश्नांनी फोन लावत राहिली. एकदा लागला, कुणीतरी उचलला, बाळाचं रडणं ऐकू आलं आणि तुटला. बाळ रडतंय यावरून आईबद्दल काहीच कळत नाही.  मी गाडी ऐंशीवर नेली. माझी गाडी ऐंशीला शिट्टी वाजवते.

एकतीस प्रश्न झाले. "बत्तीसवा राह्यला," ती म्हणाली. "एकंदरीत तुम्ही तुमच्या नोकरीबद्दल किती समाधानी आहात. तिकडून फोन आल्यावर लिहिते."

जालन्यातल्या मंठा चौफुलीला सळयांनी भरलेला एक ट्रक आडवा अडकला होता. सळया मागच्या बाजूने दोन माणसांच्या उंचीएवढ्या बाहेर आलेल्या. लोक खाली वाकून त्यांच्याखालून जात होते. आम्हीही वाकून, गाडी ढकलत, गेलो. कार्यालयाच्या पायऱ्यांवर पोचलो तेव्हा पाच सव्वीस.

आस्थापनेच्या टेबलावर राधेश्याम होते. माझ्या दहा लिपिकांपैकी तेच ते मोठ्याने वाचणारे. ड्रॉवरला किल्ली लावत होते.

"तुम्ही परत? आम्ही समाधानी आहोत हो, सांगितलं ना."

"मी नाही. या. रुजू व्हायला."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दुःखाने ड्रॉवर परत उघडला. पत्र घेतलं. एकेक ओळ बोट ठेवून वाचली. सत्यशीलाने सही करायला पेन काढायचं म्हणून मूठ उघडली आणि मुठीतली किल्ली, पिनेसकट, टेबलावर पडली. वाटूरपासून ती तिने डाव्या मुठीतच धरली होती. तळहातावर दात्यांचे ठसे होते.

राधेश्यामचं बोट नेमकं 'किल्ल्यांसह सर्व चार्ज' या ओळीवर होतं.

"ही कसली किल्ली?"

नऊ वर्षं तिने न दिलेलं औषध कधी दिलं म्हणून लिहिलं नव्हतं. हे मला माहीत होतं, कारण प्रश्न तेराला मी बाराचं उत्तर गृहीत धरा म्हणालो तेव्हा तिने पाठीवर पेन टोचून सांगितलं होतं, जे झालं न्हाई ते लिहायचं न्हाई.

"घराची," ती म्हणाली.

राधेश्यामने मान डोलावली. शिक्का उचलला. त्याच क्षणी टेबलावरचा तिचा फोन उजळला. कचरूचा फोटो होता. पुराव्यासाठी त्याने तुटलेलं कुलूप तीन बाजूंनी काढलं होतं आणि खाली एकच शब्द लिहिला होता: 'तोडले.'

राधेश्यामने तो उलट्या बाजूने वाचला. उलटं वाचायचा त्यांना रोजचा सराव होता.

"काय तोडलं?"

"घराचं कुलूप," मी म्हणालो. "किल्ली नव्हती म्हणून."

"किल्ली तर इथं आहे."

"म्हणूनच तर तिथे नव्हती."

त्यांनी यावर विचार केला. हवेत शिक्का, भिंतीवर पाच एकोणतीस. मी जे बोललो त्यात खोटं शोधायला गेलं तर एकच शब्द सापडला असता, आणि तो शोधायला कार्यालयीन वेळेत एक मिनिट उरलं होतं.

"कुटुंबात आणखी एक किल्ली ठेवत चला," ते म्हणाले आणि शिक्का मारला.

पाच एकतीसला, पायऱ्यांवर, तृप्तीचा फोन आला. सत्यशीलाने उचलला. आधी सगळं ऐकलं. मग म्हणाली, "आकडा सांग." आणि परत, "पुन्हा सांग." मग ती पायरीवर बसली.

"बीपी नव्वद साठ," तिने मला सांगितलं. "रक्त थांबलं. गाडीत घातलंय, पण बोलून राह्यली. चहा मागती म्हणे. न्हाई द्यायचा तिला चहा." ते शेवटचं तिने परत फोनमध्ये सांगितलं.

मी फॉर्म पुढे केला. "बत्तीसवा."

"कुठल्या नोकरीबद्दल लिहायचं? ही का ती?"

"फॉर्म नर्सचा आहे."

तिने गुडघ्यावर कागद ठेवला. यावेळी माझी पाठ नव्हती, म्हणून बघावं लागलं. चार.

"चार?" मी म्हणालो. "एकतीस प्रश्नांना एक आणि दोन, आणि एकंदरीत चार?"

"आता काय जातंय माझं," ती म्हणाली. "पाच दिला असता. पण जेवायला मिळायचं न्हाई."

तो फॉर्म बाद झाला. आमचे पर्यवेक्षक राजानंद सर नियमाचे पक्के. त्यांनी विचारलं, "बत्तीसवं उत्तर दिलं तेव्हा उत्तर देणारी व्यक्ती नर्स होती का?" मी म्हणालो, दोन मिनिटांपूर्वी लिपिक झाली होती. "मग लिपिकांत घाला." घातला असता तर लिपिकांचं समाधान गडगडलं असतं आणि दहाचे अकरा झाले असते. अहवालात नर्स नऊच आहेत.

किल्ली परत द्यायचं काम तिने माझ्यावर सोपवलं. दुसऱ्या दिवशी मी गेलो. कपाटाला नवं कुलूप होतं, नवी किल्ली तृप्तीच्या ॲप्रनला आतून पिनेने लावलेली.

"मी नाही घेणार," तृप्ती म्हणाली. "दहा किल्ल्या मिळाल्या अशी माझी सही आहे. ही घेतली तर अकरा होतील."

मी कचरूकडे गेलो. तो चौकशीला द्यायचा जबाब पाठ करत होता.

"ती लांब ठेवा इथून," तो म्हणाला. "ताईचा निरोप मी पुसून टाकला. मी सांगितलं, कुलूप जुनं व्हतं, हात लावल्याबराबर पडलं. ते म्हणले, मंग फोटोत वाकलेला स्टँड कसा काय. मी म्हणलं, तो पहिल्यापासून वाकडाच हाये. तर आता स्टँडची चौकशी येगळी."

संध्याकाळी सत्यशीलाचा फोन आला. मागे कुणीतरी चहाचे कप मांडत होतं.

"दिली का किल्ली?"

ती माझ्या मोटरसायकलच्या किल्लीशेजारी लटकत होती. अजूनही लटकते. सकाळी घाईत मी तीच आधी लावतो.

"दिली," मी म्हणालो.

"सही घेतली का?"

"घेतली."